दोड्डव्वाची पत्रं, नीलव्वाचं अक्षर

ही पत्रं माझ्याकडे साडीच्या एका रिकाम्या खोक्यात आहेत. दोड्डव्वा म्हणजे थोरली मावशी. तिचं नाव चन्नव्वा. ती माझ्या आईची चुलतबहीण, पण चुलत की सख्खी हा हिशेब आमच्याकडे फक्त वाटणीच्या वेळी करतात. इरकलजवळच्या कडपट्टी गावात ती साड्या विणणाऱ्या मागवाल्यांसाठी सुताच्या कांड्या भरायची. नीलव्वा तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी, तेव्हा बारा वर्षांची, आईबाप गेलेली. तिला जन्मापासून एचआयव्ही होता. हे त्या वेळी फक्त दोड्डव्वाला आणि जिल्ह्याच्या इस्पितळाला ठाऊक होतं. नीलव्वाला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं.

दोड्डव्वाला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिची पत्रं नीलव्वा लिहायची आणि तिला आलेली पत्रंही नीलव्वाच वाचायची. गावात टेलिफोनचं बूथ होतं, पण तिथं बोललेलं बोलणं बूथवाला तुमच्याआधी घरी पोचवायचा. मी बंगळूरला एका कन्नड पिक्चरमध्ये चौथा असिस्टंट होतो. पाचवा नव्हता.

बंगळूर, २ मार्च २००७

तीर्थरूप दोड्डव्वास महांतेशचा नमस्कार.

नीलव्वा, हे पत्र मोठ्यानं वाच. भरभर वाचू नकोस आणि मधलं काही गाळू नकोस.

दोड्डव्वा, मी खुशाल आहे. जेवण खानावळीत. इथं सांबारात गूळ घालतात, हे ऐकून तुझं मन उगाच खट्टू होईल, म्हणून सांगत नाही.

कामाचं लिहितो. आमच्या पिक्चरमध्ये आठ पोरं आहेत आणि आठही पोरांना एचआयव्ही आहे, म्हणजे गोष्टीत. ती एका आश्रमात राहतात आणि गाव त्यांना शाळेत येऊ देत नाही. गोष्ट चांगली आहे. मारामारी नाही, गाणं एकच आहे, त्यामुळे प्रोड्युसर अधूनमधून आजारी पडतात. पिक्चरचं नाव ठरलेलं नाही. त्यांच्या ज्योतिष्यानं आतापर्यंत तीन नावं नाकारलीत.

सात पोरं मिळाली, आठवी मुलगी मिळत नाही. बंगळूरच्या मुली आपल्याकडचं कन्नड बोलायला लागल्या की आमचे डायरेक्टर शशिधर सर कानात बोटं घालतात. मला ईरण्णाचं लग्न आठवलं. तिथं आपल्या नीलव्वानं पंगतीत आचाऱ्याला विचारलं होतं, "मामा, आमटी वाढताय का हात धुताय?" मी सरांना ते जसंच्या तसं करून दाखवलं. सर म्हणाले, तू नको, ती मुलगी आण.

मे महिन्यात वीस दिवस काम, धारवाडला. शाळेला सुट्टीच असते. राहणं, जेवण, कपडे आमच्याकडे. न्यायला मी स्वतः येतो. हो म्हण.

तुझा, महांतेश

कडपट्टी, ११ मार्च

चि. महांतेशला आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मुलगी येणार नाही.

धारवाडची हवा गार, तिला सर्दी होते. शिवाय मे महिन्यात लग्नसराई, मागवाले कांड्यांसाठी दारात बसतात, ती गेली तर भरणार कोण. (कांड्या दोड्डव्वा मला भरू देत नाही. म्हणते, अभ्यास कर. - नी.) शिवाय तिच्या अंगात रक्त कमी आहे. सकाळ-संध्याकाळ ताकदीची गोळी असते आणि ती चुकवायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. तिकडं कोण देणार? तुला चप्पल कुठं काढली ते आठवत नाही.

आणि पिक्चर त्या रोगाचं. पोरीचं तोंड गावोगावी दिसणार. उद्या लोक म्हणतील, हिलाच आहे, म्हणून हिला घेतली. मग शाळेत हिच्या शेजारी कोण बसेल? (शांता बसेल. मी तिला विचारलं. - नी.) आईबापाविना पोर आहे, ती मला जपून ठेवायची आहे. तुझी आई असती तर तिनंही हेच सांगितलं असतं.

सांबारात गूळ घालणाऱ्या लोकांत राहतोस. जपून राहा.

चन्नव्वा

ता.क. हे माझं. अण्णा, मला यायचं आहे. हे दोड्डव्वानं लिहायला सांगितलेलं नाही. आणि ती आमटी पातळच होती. - नीलव्वा

बंगळूर, २० मार्च

तीर्थरूप दोड्डव्वास नमस्कार.

तुझ्याकडून हे अपेक्षित नव्हतं. मी गेले चार महिने या एकाच विषयावरचं वाचतोय, तेव्हा सांगतो ते नीट ऐक. नीलव्वा, सावकाश वाच.

हा रोग शेजारी बसून होत नाही. हात लावून होत नाही. एका ताटात जेवून होत नाही, एका ग्लासातलं पाणी पिऊन होत नाही, डास चावून होत नाही. लेकरांना तो बहुतेक वेळा आईकडून येतो, पोटात असताना नाहीतर जन्मताना. त्यात लेकराची चूक नसते. आईचीही नसते, तिला बिचारीला पुष्कळदा ठाऊकच नसतं. आता त्यावर गोळ्या आहेत. सरकारी इस्पितळात फुकट मिळतात. रोज ठरल्या वेळी घेतल्या, चुकवल्या नाहीत, की ही पोरं वाढतात, शाळा शिकतात, नोकरी करतात, लग्नं करतात, म्हातारी होतात. आमच्या पिक्चरला सल्ला देणाऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, मी काठी टेकत चालायला लागेन तेव्हा हीच पोरं मला रस्ता ओलांडून देतील.

हे तुला माहीत नाही, यात तुझा दोष नाही. माहीत करूनच घ्यायचं नाही, हा दोष आहे. तुझ्यासारख्या मायाळू बायका असं बोलायला लागल्या, तर बाकीच्यांना काय नावं ठेवायची? उद्या तुझ्याच घरात असं लेकरू असतं तर काय केलं असतंस? गोठ्यात ठेवलं असतंस?

रागानं लिहिलंय. पण लिहिलं ते लिहिलं.

महांतेश

शेवटचा प्रश्न लिहून झाल्यावर मी तो दोनदा वाचला होता, आणि मला तो आवडला होता. तो दोड्डव्वाला कोण वाचून दाखवणार, याचा विचार मी केला नव्हता. केला असता तरी तेव्हा काही फरक पडला नसता, कारण मला काही माहीतच नव्हतं.

कडपट्टी, २ एप्रिल

चि. महांतेशला आशीर्वाद.

मुलीला घेऊन जा.

गोळी सकाळी सातला एक, संध्याकाळी सातला एक. तुझं घड्याळ चालतंय का आधी बघ. गोळी तिनं तुझ्यासमोर गिळायची. हातात ठेवून निघून जायचं नाही. बाटली तिच्या पेटीत राहील, ती चारचौघांत काढायची नाही. ताकदीची गोळी म्हटली की लोक मागून खातात.

तिच्या डोक्याला तेल लावायला कोणीतरी बाई बघ. तू लावू नकोस.

आमच्याकडे गोठा नाही.

चन्नव्वा

ता.क. अण्णा, तुझं पत्र ऐकून दोड्डव्वा रागावेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, मधलं परत वाच. मी डासांचं वाचलं. म्हणाली, ते नाही, म्हातारी होतात ते. ते मी तीन वेळा वाचलं. दुसऱ्या दिवशी कांड्या भरता भरता तिनं परत म्हणायला सांगितलं, तेव्हा पत्र हाताशी नव्हतं, मी पाठ म्हटलं. ती म्हणाली, इस्पितळातल्या बाई फार भरभर बोलतात, हे कसं सावकाश सांगितलंय. मग ती जेवली नाही. तिला बहुतेक पिक्चरची गोष्ट आवडली. - नीलव्वा

मी गेलो आणि नीलव्वाला घेऊन आलो. मी दोड्डव्वाचं मत बदललं, याचा मला अभिमान वाटला आणि तो मी युनिटमध्ये बऱ्याच जणांना बोलून दाखवला.

आता अडचण अशी झाली की घरातली वाचणारी आणि लिहिणारी, दोन्ही धारवाडला. म्हणून शेजारचे निवृत्त शिक्षक तिप्पण्णा मास्तर पत्रं वाचायला आणि लिहायला लागले. माणूस परोपकारी. फक्त त्यांनी वाचलेलं पत्र दुसऱ्या दिवशी देवळाच्या कट्ट्यावर सगळ्यांना ठाऊक असायचं.

धारवाड, ७ मे

तीर्थरूप दोड्डव्वास नीलव्वाचा नमस्कार. तिप्पण्णा मास्तर, तुम्ही वाचताय म्हणून तुम्हालाही.

मी बरी आहे. एका जुन्या बंगल्यात आश्रम केला आहे. आम्ही आठ जण आहोत, तीन मुली आणि पाच मुलगे. मुलगे मुलींपेक्षा जास्त वेळ आरशापुढं असतात.

मला रोज सकाळी आजारी करतात. मेकपवाले रामण्णा मामा डोळ्याखाली काळं लावतात आणि ओठाला पांढरं. शशिधर सर म्हणाले, ही फार धडधाकट दिसते, हिला कोणी आजारी म्हणणार नाही. म्हणून मला बाकीच्यांपेक्षा जास्त लावतात. सुरेश नावाचा मुलगा बारीक आहे, त्याला काहीच लावावं लागत नाही, तो उशिरा उठतो.

पहिल्या दिवशी मला रडायचं होतं. रडू आलं नाही. सर म्हणाले, तुझी आई आठव. मी म्हणाले, आई आठवली की मला रडू येत नाही, भूक लागते, ती शेंगाचटणी फार चांगली करायची. मग सरांनीच डोळे पुसले आणि जेवणाची सुट्टी केली.

गोळी रोज घेते. अण्णा गजराचं घड्याळ घेऊन समोर उभा राहतो. गोळी गिळली की तोंड उघडायला लावतो. सगळ्यांना तो फार हुशार आहे असं वाटतं.

तुझी, नीलव्वा

कडपट्टी, १२ मे

चि. नीलव्वास आशीर्वाद.

गोळी घेतेस ना? सकाळी सातला घेतेस ना? संध्याकाळी सातला घेतेस ना? (मजकूर तीनदा सांगितला गेल्यानं तीनदा लिहिला आहे. - ति. मा.)

तेल लावते का कोणी? उन्हात उभी राहू नकोस. बाटलीतल्या गोळ्या मोजून दिल्यात, कमी पडणार नाहीत, पण एखादी खाली पडली तर सांग, लपवू नकोस. मी रागावणार नाही. (इथं तुझ्या मावशीनं डोळ्याला पदर लावला. कारण विचारता चुलीचा धूर असं सांगितलं. चूल विझलेली होती. - ति. मा.)

शांता रोज विचारून जाते. काही कळलं, काही नवीन ऐकलंस, तर मनात ठेवू नकोस. महांतेशला सांग.

चन्नव्वा, निशाणी अंगठा

ता.क. माझ्यातर्फे. पिक्चरमध्ये त्या रोगाची खरी मुलं असल्यास त्यांच्यापासून अंतर राखावे. कट्ट्यावर सर्वांचं हेच मत पडलं. विज्ञान काहीही म्हणो, काळजी घेतलेली बरी. - तिप्पण्णा, निवृत्त मुख्याध्यापक

यानंतरचं मला सांगायला हवं, कारण त्याचं पत्र पोस्टानं जाऊ शकलं नाही.

अठरा मेला एक छोटा प्रसंग घ्यायचा होता. आश्रमात यायच्या आधी मुलगी आजीकडे राहत असते. इस्पितळातून आणलेल्या गोळ्यांच्या बाटलीवरचा छापील कागद आजी खरवडून काढते. बोलणं काही नाही. सरांनी हे एका इस्पितळाच्या रांगेत बसलेल्या बाईकडून ऐकलं होतं. त्या दिवशी सकाळीच त्यांनी आठही पोरांना जमिनीवर बसवून समजावलं होतं, की म्हातारी असं का करते, तर या गोळ्या कशाच्या आहेत ते कोणाला वाचता येऊ नये म्हणून.

आजीचं काम पद्मावतीबाई करत होत्या. चाळीस वर्षं नाटक कंपनीत गेलेली बाई. त्यांनी विळीवर बाटली धरून नारळ खवावा तशी ती खवली. सात वेळा घेतलं. सातव्यांदा बाटली फुटली.

"असं नाही करायचं, आज्जी," नीलव्वा म्हणाली. "आधी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. मग ब्लेडनं कडेकडेनं काढायचं, मग राखेनं घासायची. नाहीतर चिकट राहतं."

सर खूश झाले. त्यांनी विचारलं, तुला हे कसं ठाऊक?

"आमची दोड्डव्वा करते की. माझ्या गोळ्यांच्या बाटलीला. दर महिन्याला."

तिनं हे वांगी कशी चिरायची ते सांगावं तसं सांगितलं. लाईटवाला शिडीवर होता, तो तिथंच थांबला. नीलव्वानं सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग हातातल्या नव्या बाटलीकडे पाहिलं, बराच वेळ. मग म्हणाली, "सर, टेक घ्यायचा ना?"

टेक झाला. पहिल्याच वेळी चांगला झाला. नंतर युनिटनं चहा मागवला आणि जो तो आपापला कप घेऊन वेगळ्या कोपऱ्यात गेला. मी पण गेलो. चार महिने वाचलेलं सगळं माझ्या डोक्यात होतं आणि पायांना त्यातलं काही माहीत नव्हतं.

दोन दिवसांनी तिनं माझ्या हातात घडी घातलेलं पत्र दिलं आणि सांगितलं, हे मास्तरांकडं नाही, तू जाऊन वाचून दाखव. मी सरांची परवानगी काढून सकाळच्या बसनं कडपट्टीला गेलो.

धारवाड, २० मे

तीर्थरूप दोड्डव्वास नमस्कार.

हे महांतेश अण्णा वाचतोय. मास्तर आले असतील तर त्यांना सांग की माझं डोकं दुखतंय आणि तू काळजीत आहेस. ते औषध शोधायला घरी जातील.

मला कळलं. कसं कळलं ते अण्णा सांगेल. तरी मी खात्री केली. डॉक्टरबाई काल आल्या होत्या, त्यांना मी विचारलं, सकाळी सात आणि संध्याकाळी सात अशी कुठली ताकदीची गोळी असते? त्यांनी उलट मलाच घरी कोण असतं म्हणून विचारलं, आणि म्हणाल्या, मावशीला घेऊन ये, तिघी मिळून बोलू. ताकदीची असती तर त्या तेवढ्यावर हो म्हणाल्या असत्या.

मी रडले. पण मेकपच्या आधी रडले, रामण्णा मामांना तो परत करायला लागू नये म्हणून.

रामण्णा मामांनी काल माझ्यासाठी नवीन स्पंज काढला. बाकी सातजणांना जुनाच. शशिधर सरांनी ते बघितलं. माझ्या तोंडावरून फिरवलेला स्पंज त्यांनी उचलला, त्यानं स्वतःच्या तोंडाला पावडर लावली आणि दिवसभर तसेच पांढऱ्या तोंडानं काम केलं. प्रोड्युसर आले होते, ते लवकर गेले.

आता हे वाचताना अण्णा थांबेल. त्याला पुढं वाचायला सांग. आधी आम्ही दोघं एकाच ग्लासानं पाणी प्यायचो. मला कळलं त्याच दिवशी दुपारी त्यानं स्वतःला दुसरा ग्लास आणला. मी त्याला त्याचंच पत्र म्हणून दाखवलं. शेजारी बसून होत नाही, एका ताटात, एका ग्लासात, डास. सगळं म्हटलं. तो बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग आत आला आणि माझ्या ग्लासातलं सगळं पाणी प्याला. मला तहान लागली होती, पण मी पिऊ दिलं.

दोड्डव्वा, एक गोष्ट मला आधी समजेना. सर म्हणाले की येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येऊ नये म्हणून म्हातारी कागद खरवडते. पण आपली बाटली तुझ्या ट्रंकेत असते, लुगड्यांच्या खाली, आणि किल्ली तुझ्या कमरेला. आपल्या घरात येतं कोण? मास्तरसुद्धा उंबऱ्याबाहेरून बोलतात. तुला वाचता येत नाही. घरात वाचता येणारी मी एकटीच. म्हणजे तो कागद तू माझ्यासाठी खरवडायचीस. आणि मला म्हणायचीस, कागदाच्या डिंकाला मुंग्या लागतात.

आई काविळीनं गेली नाही ना? तिच्याकडूनच आलं ना मला? अण्णाच्या पत्रात तसंच होतं. मला राग आलाय, पण कोणाचा ते अजून ठरत नाही. हे पत्रातच लिही, अण्णाच्या हातानं. तोंडानं विचारलं तर तू कांड्या भरायला बसशील. आतापर्यंतची तुझी सगळी पत्रं मीच लिहिली, तेव्हा हे तू कोणाकडून लिहून घेणार होतीस, तेही मला समजतंय.

गोळी घेते आहे.

नीलव्वा

मी वाचत असताना दोड्डव्वा जमिनीवर बसली होती. मास्तर एकदा येऊन डोकेदुखीचं औषध आणायला गेले. ग्लासाच्या ओळीवर मी थांबलो. ती म्हणाली, "वाच." मी वाचलं. माझ्या त्या पत्राबद्दल मी तिची माफी मागितली, गोठ्याच्या वाक्याबद्दल. ती म्हणाली, ते राहू दे, आधी कागद घे. मग तिनं सांगितलं ते मी लिहून घेतलं.

कडपट्टी, २१ मे

चि. नीलव्वाला आशीर्वाद.

महांतेश लिहितोय. त्याचं अक्षर तुझ्यासारखं नाही, सांभाळून घे.

तुझी आई काविळीनं गेली नाही. तुझे आप्पा आधी गेले, त्यांनाही तेच होतं. ट्रक उलटला असं आम्ही गावाला सांगितलं. ते गेल्यावर तिची तपासणी झाली, मग तुझी. तुझा कागद हातात आला त्या दिवशी ती इस्पितळाच्या पायरीवर बसली ती शेवटची बस गेली तरी उठली नाही. मी तिला ओढून उठवली. तिला आधी काही ठाऊक नव्हतं. महांतेशनं लिहिलंय ते खरं आहे, तिची चूक नव्हती. पण तिला ते कोणी इतकं सावकाश सांगितलं नाही.

शेवटी ती मला म्हणाली, अक्का, पोरीला सांगू नकोस, ती मला शिव्या देईल. मी तिच्या हातावर हात ठेवून हो म्हणाले. त्यानंतर गोळ्या सुरू झाल्या. तू वाचायला हुशार, दुकानाच्या पाट्या वाचायचीस, पुडीचा कागदसुद्धा वाचायचीस. म्हणून खरवडत होते. तुला त्रास होऊ नये म्हणून, असं मी मनाला सांगायचे. पण खरं म्हणजे, तुझ्या तोंडून तिला शिवी ऐकायची माझी छाती नव्हती. ती माझ्या पाठची होती. मी तिला कडेवर घेऊन वाढवलं.

मला वाटायचं, तू आहेस तेवढे दिवस सुखात जाऊ देत. मग महांतेशचं पत्र आलं आणि तू वाचलंस की ही पोरं म्हातारी होतात. ते मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल, मला समजलं नव्हतं. म्हातारं होणाऱ्या माणसापासून किती वर्षं लपवणार? म्हणून तुला पाठवलं. तिथं रोज त्याचंच बोलणं असणार, कोणीतरी सांगेल, मला सांगावं लागणार नाही, असा विचार केला. हे मी भित्रेपणानं केलं. तू परक्या माणसांत एकटी असताना तुला कळलं, याचं मला फार वाईट वाटतंय.

पुढच्या बाटलीचा कागद खरवडणार नाही. डॉक्टरबाईंकडं जाऊ, तू म्हणशील तेव्हा.

राग कोणाचा ते ठरत नाही म्हणतेस. आईला शिव्या द्यायच्या असतील तर तिला देऊ नकोस, ती ऐकायला नाही. मी आहे. मला दे. घरी ये, समोर बस आणि पोटभर दे, मी कांड्यांना हात लावणार नाही. फक्त आधी सातची गोळी घे, मग दे.

चन्नव्वा